वाढत्या दगडांची मोजणी

तुमच्या आईनं मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, "अम्मी, तू रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसातले लोक तुझ्यावर चिडलेले कसे?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी विषय बदलला. झोया आणि समीर, त्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तुम्हाला द्यायला हवं. ज्या कामावरून ते चिडले आहेत ते काम तुम्ही तिकडे बर्फात बसून, डोळ्यांवर हेडसेट चढवून पाहिलेलं आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा म्हटलं, छापूनच देऊ. तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तेव्हा आईकडून वाचून घ्या. हा अंक ऑफिसातही जातो, हे मला माहीत आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. मी पुरातत्त्वाच्या ऑफिसात आरेखक होते, म्हणजे उत्खननात जे सापडेल ते मोजून कागदावर काढणारी. माझे अब्बा ब्रह्मपुरीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मला त्यांनी नागपूरला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवून इंग्रजी शाळेत शिकवलं, पण सरळ रेघ मारायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. जमीन खणली की एकेक थर निघून जातो आणि पुन्हा तसा भरता येत नाही. मागे उरतं ते रेखाचित्र. म्हणून आमच्या कामात एक नियम फार कडक असतो. जे डोळ्यांनी पाहिलं ते अखंड रेघेनं काढायचं. जे अंदाजानं कळलं, म्हणजे फुटक्या मडक्याचा गेलेला काठ किंवा ढासळलेल्या भिंतीचा पुढचा भाग, ते तुटक रेघेनं. तीसेक वर्षं मी त्या दोन रेघांवर पगार घेतला.

निवृत्तीनंतर ऑफिसनं मला मानधनावर परत बोलावलं. आता कागदावर काढायचं नव्हतं. जागेचे शेकडो फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा आला पाहिजे, मग कॉम्प्युटर ते सगळे जुळवून जागेचा आकार उभा करतो, आणि हेडसेट घातला की माणूस त्या जागेत उभा राहतो. फोटो काढायला आला मेश्राम. हा चिमूरचा, चाळिशीतला, लग्नाच्या व्हिडिओचा धंदा करणारा. हात स्थिर आणि नजर चांगली. खोड एकच, त्याला सगळं सुंदर करून ठेवायचं असायचं.

आमचं पहिलं भांडण चिमूरकडच्या एका शिलावर्तुळावर झालं. शिलावर्तुळ म्हणजे फार जुन्या लोकांनी पुरलेल्या माणसाभोवती गोल मांडलेले मोठे दगड. आत अर्धंच शिल्लक असलेलं एक मडकं सापडलं. आठवड्यानं मी हेडसेट घातला, तर मडकं अख्खं.

"मेश्राम, हे बाकीचं कुठून आणलंत?"

"सॉफ्टवेअर भरून देते ना, मॅडम. बरं दिसून नाई राह्यलं का?"

"आपण ते पाहिलं का?"

"मॅडम, लग्नात नवरदेवाच्या गालावरचा फोड मी ठेवत नाई. हे त मडकं आहे."

"नवरदेवाला नंतर बायको रोज बघते. तिला खरं काय ते कळतं. हे मडकं पुन्हा कोणी बघणार नाही."

तो दोन दिवस रुसला. पण मला खरंच अडचण कळली होती. हेडसेटमध्ये तुटक रेघ नाही. तिथे सगळं सारखंच खरं दिसतं. शेवटी आम्ही ठरवलं की जे कॅमेऱ्याला दिसलं नाही ते कोऱ्या राखाडी रंगात ठेवायचं. मेश्राम त्याला "मॅडमचे ठिगळं" म्हणतो. तुम्ही विचारलं होतं ना, "नानी, हे मध्ये मध्ये राखाडी का आहे, गेम बिघडलाय का?" बिघडला नाही. तिथे काय होतं ते मला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम लोकांना दाखवायलाही न्यावं लागे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात एका बाईंनी हेडसेट घातल्याबरोबर साडी घोट्याच्या वर धरली, कारण आतला खड्डा चिखलाचा होता, आणि काढल्यावरही थोडा वेळ तशीच धरून चालल्या. धानाच्या गिरणीचे एक मालक खड्ड्याच्या काठावर पोचले आणि ओरडले, "मी नाई जात पुढं, मले बीपी आहे!" खोलीत सपाट फरशी होती. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, तर खुर्चीत बसूनही पाय वर घेतलेले.

आता ते चिडलेल्या माणसांचं.

ऑफिसनं आम्हाला एटापल्ली तालुक्यात पाठवलं, सूरजागडचा डोंगर जिथून दिसतो अशा एका माडिया आदिवासींच्या गावी. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला सात उभे दगड होते. ते हजारो वर्षांपूर्वीचे नाहीत. तिथले लोक आपल्या मेलेल्या माणसासाठी आजही दगड उभा करतात. यातला सगळ्यात जुना कोणाचा ते गावात कोणाला सांगता आलं नाही, सगळ्यात नवा सोमरीबाईच्या बापाचा. सोमरीबाई गावची ग्रामपंचायत सदस्य, आश्रमशाळेत शिकलेली, आमच्यात आणि गावात बोलणं पोचवणारी. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं, कलेक्टरलाही ती 'तू'च म्हणायची.

गावानं बसून परवानगी दिली आणि आम्ही कामाला लागलो. इथे माझी चूक झाली, आणि ती मी मेश्रामवर ढकलणार नाही.

नमाजाच्या आधी वुजू करतात, हातपाय तोंड धुतात, तशी आमच्या कामात फोटोच्या आधी साफसफाई असते. पालापाचोळा झाडायचा, गवत उपटायचं, दगड जमिनीला जिथे टेकतो ती कड स्वच्छ दिसली पाहिजे. हाताखालच्या किती माणसांना मी यावरून रडवलं आहे, विचारू नका. सोमरीबाईच्या बापाच्या दगडाशी पावसानं वाहून आलेली माती बसली होती. मी गवंड्याची छोटी थापी घेतली आणि चारी बाजूंनी चार बोटं माती काढून टाकली. कड छान निघाली. मेश्रामनं दिवसभर फोटो घेतले. आभाळ भरलेलं होतं, सावल्या नव्हत्या, आमच्या कामाला याहून चांगला दिवस नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर दगडाभोवती बायका जमलेल्या. हळद लावलेली, कोंबडी कापलेली. सोमरीबाईनं माझा हात धरून मला पुढे नेलं.

"बाई, पाह्य! बाबा वाढला."

मी विचारलं, म्हणजे काय. तिनं जे सांगितलं ते असं. मेलेला माणूस राजी असेल तर त्याचा दगड वाढतो. नाराज असेल तर आहे तेवढाच राहतो. तिचा बाप मेला तेव्हा तिची आई माहेरी गेली होती, नदीला पूर आला, तिला परत येता आलं नाही. तेव्हापासून दगड होता तेवढाच होता आणि आई दर हंगामात येऊन तो हातानं चाचपून जायची. "आता चार बोटं वाढला. भाऊ तेलंगणात मिरची तोडाले गेला आहे, त्याले निरोप धाडला, ये म्हणून. बाबा राजी झाला म्हणून."

मेश्रामनं माझ्याकडे पाहिलं, मी थापीकडे. त्यानं मला बाजूला नेलं.

"मॅडम, चूप राहा. कोनाचं काय बिघडून राह्यलं? म्हातारी खुश आहे."

"पण माती मी काढली."

"त काय झालं? तुमाले सबूत थोडीच मांगून राह्यले ते?"

मला त्याचं म्हणणं पटत होतं, हे लपवत नाही. त्या बायकांचे चेहरे तुम्ही पाहिले असते तर तुम्हालाही पटलं असतं. पण मी जन्मभर दुसऱ्यांच्या मडक्याचा काठ तुटक रेघेनं काढत आले, आणि आता एका बाईच्या नवऱ्याबद्दल, स्वतःच्या थापीनं केलेली रेघ अखंड म्हणून कशी खपवू? मी सोमरीबाईला सांगितलं.

तिनं थापी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "कोंबडी खाल्ली न तू?"

"नाही अजून."

"मंग पहिले खा. मंग माझ्या आईले तूच सांग. मी नाई सांगत."

मी खाल्ली.

सोमरीची आई पडवीत बसली होती. कमरेत काटकोनात वाकलेली. मी मराठीत सांगत गेले, सोमरीबाई माडियात सांगत गेली, तिच्या आवाजात राग होता आणि तो कोणावर हे कळायला भाषा लागत नव्हती. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, काठी घेतली आणि उठली. आम्ही मागोमाग गेलो. ती दगडाला चिकटून उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून काही बोलली, मग हनुवटीला हात लावून काही बोलली.

सोमरीबाईनं सांगितलं, "ती म्हनते, उभा केला तवा तो इथी छातीले लागे. आता हनुवटीले लागते. तू किती माती काढली?"

"चार बोटं."

"मंग बाकीची कोनं काढली?"

मेश्रामनं तोंड उघडलं, "आजी, तुमची कंबर..." मी त्याच्या पायावर पाय दिला. म्हातारीनं ते पाहिलं. ती हसली, दात नव्हते, आणि मेश्रामकडे काठी रोखून बरंच काही बोलली. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, या येड्याले वाटते का मले मालूम नाई मी वाकली ते. पहिले मले त्याच्याकडं खाली पाहा लागे. आता तोंडासमोर तोंड येते. एवढ्यासाठी त्यानं वाट पाह्यली."

मग ती माझ्याकडे वळली आणि एकच शब्द बोलली. त्याचं भाषांतर सोमरीबाईनं केलं नाही, नुसता मातीच्या ढिगाकडे हात केला. मी गुडघ्यावर बसून माती परत भरली. म्हातारीनं पायानं दाबून घेतली, जिथे कमी वाटली तिथे आणखी टाकायला लावली. मेश्रामनं सगळे फोटो पुन्हा काढले, मातीसकट, हळदीसकट, कोंबडीच्या पिसांसकट. तुम्ही पाहिलं ते हे.

त्या रात्री नव्हे, नंतर पुष्कळ दिवसांनी, मी माझी जुनी रेखाचित्रं काढून पाहिली. प्रत्येकात जमीन किती स्वच्छ आहे! तिथून मी काय काय झाडून टाकलं, ते आता मला कोणीच सांगू शकत नाही. त्याचं वाईट वाटतं. ते दुरुस्त होणारं नाही.

काम जमा केलं आणि ऑफिसातून एक फॉर्म आला. त्यावर टाइप केलेलं होतं, 'सदर स्थळाचे दस्तऐवजीकरण पूर्ण झाले असून मूळ अवशेष अन्यत्र हलविण्यास हरकत नाही.' खाली माझ्या सहीची जागा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्हाला तिथे कशासाठी पाठवलं होतं. रस्ता रुंद व्हायचा होता. दगड काढून जिल्ह्याच्या गावी एका बागेत सिमेंटमध्ये बसवायचे, शेजारी खोलीत हेडसेट ठेवायचे, म्हणजे येणाऱ्यांना 'मूळ जागी' दगड पाहायला मिळतील. मूळ जागेवरून डांबर गेलेलं असेल, एवढाच फरक.

मी साहेबांना भेटायला गेले. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी चहा मागवला.

"मॅडम, उलट तुमच्या कामाचं सोनं होतंय. दगड बागेत सुरक्षित राहतील. आणि मुंबईत बसलेल्या माणसाला सगळं जसंच्या तसं दिसेल."

"हेडसेट आहे ना इथे? घाला. शेवटच्या दगडापाशी जा. उंची वाचा."

त्यांनी वाचली. "तीन फूट सात इंच."

"पुढच्या वर्षी किती असेल?"

"तेवढीच असणार ना."

"तिथे लोकांचं म्हणणं आहे की बदलते."

त्यांनी हेडसेट काढला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. दगड वाढतो असं तुम्ही म्हणता?"

"मी म्हणत नाही. मला माहीत नाही. ज्या जागेवर लोक अजून येऊन मोजताहेत, ती जागा पूर्ण झाली असं तुमचा फॉर्म म्हणतो. त्यावर मी सही करणार नाही."

"एका सहीसाठी रस्ता अडवणार का?"

"रस्ता वळवा. तुम्हाला नकाशा हवा असेल तर मी काढून देते. चांगला काढते."

त्यांना हसू आलं नाही. मला ते अपेक्षितही नव्हतं. मी फॉर्मवर 'पूर्ण झाले असून' वर एक सरळ काट मारली आणि समासात लिहिलं, 'स्थळ वापरात आहे. मोजणी चालू.' खाली सही केली, ती मात्र त्या समासातल्या ओळीखाली.

त्यानंतर मला मानधनाचं काम मिळालं नाही. खुलासा मागणारी पत्रं मात्र आली. मी प्रत्येकाला इंग्रजीत, परिच्छेदांना आकडे घालून उत्तर दिलं. इंग्रजी पत्र बाजूला टाकायची आमच्याकडे पद्धत नाही, कोणाला तरी बसून वाचावं लागतं. नागपूरच्या शाळेतल्या नन्सनी शिकवलेलं व्याकरण इतक्या वर्षांनी असं कामी आलं. दरम्यान मी आणि मेश्राम दर पौषात स्वतःहून जाऊ लागलो. पौषात लग्नं नसतात, म्हणून तो मोकळा असतो. तो कॅमेरा आणतो, मी मापपट्टी. जमिनीपासून उंची घेते, शिवाय शेजारच्या खडकावर केलेल्या पक्क्या खुणेपासूनही घेते, कारण मला कोणाला फसवायचं नाही. दोन्ही आकडे लिहिते. जमिनीपासूनचा दरवर्षी थोडा बदलतो, पक्क्या खुणेपासूनचा बदललेला नाही. म्हातारी दरवर्षी दगडाला टेकून उभी राही आणि आपला आकडा सांगे. तोही मी लिहिते, वेगळ्या रकान्यात. नवी मोजणी ऑफिसात पाठवते, म्हणजे आधीची जुनी होते आणि फाईल बंद करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बदली होऊन नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "मॅडम, हे पोरखेळ आहेत. सात दगड, सातांची नोंद झालेली आहे. दुसऱ्या आरेखकाची सही घेऊन मी प्रकरण संपवतो." ते तसं करू शकत होते. तो फोन आल्याचं तुमच्या आईला मी सांगितलं नाही.

या वर्षी होळीनंतर सोमरीबाईचा फोन आला.

"बाई, आई गेली."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "रडू नको. मी रडून झाली. भाऊ आला होता तेलंगणातून. साऱ्या गावानं डोंगरावरून गोटा आनला, बाबाच्या बाजूले उभा केला. तू मोजाले कवा येतं?"

मेश्रामची ऐन लग्नसराई होती. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, उद्या एका नवरदेवाची हळद आहे. माझा भाचा करून देईन. फोड बी ठेवन म्हना, काही बिघडत नाई. सकाळी किती वाजता निघाचं?"

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कडक होतं आणि सावल्या काळ्या पडल्या होत्या. आमच्या कामासाठी याहून वाईट दिवस नसतो. बुडाशी ओली माती, उकरलेल्या जमिनीची ढेकळं, ओढून आणताना दगडाला पडलेले दोरांचे वळ. मी कशालाही हात लावला नाही. सोमरीबाई शेजारी उभी राहिली. मेश्राम दगडाभोवती फिरत फोटो घेत होता.

तिथूनच मी नव्या साहेबांना फोन लावला. रेंज एका मोहाच्या झाडाखाली मिळते.

"साहेब, तुमची नोंद किती दगडांची आहे?"

"सात. मी सांगितलं ना तुम्हाला."

"इथे आठ आहेत."

"आठवा कुठून आला?"

सोमरीबाईनं माझ्या हातातून फोन घेतला. "माझी आई आहे तो," ती म्हणाली. "तुले सही पायजे न? इथी ये, मोज, मंग कर." आणि फोन मला परत दिला.

त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्या आरेखकाची सही झालेली नाही. होईलही उद्या. झाली तर मी पुन्हा आकडे घालून पत्र लिहीन आणि माझी वही जोडीन. त्यातली शेवटची नोंद तुमच्यासाठी इथे उतरवते, म्हणजे ती ऑफिसातल्या कपाटात हरवली तरी छापलेली राहील:

'आठवा दगड. जमिनीपासून तीन फूट दोन इंच. मुलगी शेजारी उभी राहिली असता कोपराच्या जरा वर. बुडाची माती काढलेली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणे.'